तो अर्धा तास कोणाचा?

कामाचा दिवस कोठून सुरू झाला असे समजावे? प्रश्न वरवर पाहता मुकादमाच्या वहीचा दिसतो. त्यात धर्माधर्माचे काय आहे, असे कोणी म्हणेल. काही दिवसांपूर्वीपर्यंत आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु अकोल्याच्या जुन्या शहरातील एका बहिणीने हा प्रश्न आमच्यापुढे अशा रीतीने मांडला की, तो वहीतला न राहता विवेकाचा झाला. आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत तिच्यासारखी रोजावर जाणारी माणसे पुष्कळ आहेत. म्हणून त्याचा विचार येथे थोडा सविस्तर करण्याचे आम्ही योजिले आहे.

मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर, असदगडाच्या आश्रयाने वसलेले ते जुने शहर वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे तेथील गल्ल्यांतून बायामाणसे भल्या सकाळी भाकरी फडक्यात बांधून निघतात व जिनांच्या वाटेस लागतात. ही बहीण त्यांपैकीच. तिच्या कामाची वेळ आठाची. परंतु मुकादमाची ताकीद अशी की, साडेसातास फाटकाच्या आत असले पाहिजे. त्या अर्ध्या तासात ती आवार झाडिते, आदल्या दिवशी सांडलेली सरकी गोळा करिते, कापसाच्या ढिगावरील ताडपत्री काढिते, टोपली जागच्या जागी ठेविते, आणि रुईचे तंतू नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून शेवटी तोंडास फडके बांधून उभी राहते. आठ वाजता यंत्र सुरू होते, आणि तिचा रोज वहीत तेथून मोजला जातो.

एके दिवशी लेकरू तापाने फणफणले होते, म्हणून ती बरोबर आठास पोचली. यंत्र सुरू होण्यास तिच्यामुळे क्षणाचाही उशीर झाला नव्हता. तरी तिचा अर्धा रोज कापला गेला. तिने ही हकीकत आपल्या उपदेशकास सांगितली. त्यांनी, चाकरांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे ह्या प्रेषिताच्या बोधाची तिला आठवण दिली, व कुरकुर न करिता वेळेपूर्वी जात जा, असे सांगितले. तिने मान डोलाविली, परंतु तिचे समाधान झाले नाही. पुढे आम्ही भेटीस गेलो तेव्हा तिने विचारले, “पाळकसाहेब, मी लवकर गेली नाही तर पाप होते म्हणतात. मग तो अर्धा घंटा कोणाचा म्हणावा जी? माझा, का मालकाचा?”

त्या दिवशी आम्ही तिच्या लेकराकरिता प्रार्थना केली व निघून आलो. प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आज जे सुचते ते लिहितो.

पहिला आक्षेप असा येईल की, तयारी कोणास चुकली आहे? शेतकरी तिफण धरण्यापूर्वी बैलांस चारापाणी करितो, दोर पाहतो, जू बांधितो. शिक्षक वर्गात जाण्यापूर्वी धडा वाचितो. उपदेशक रविवारच्या बोधाकरिता शनिवारी रात्री दिव्यापाशी बसतो. ह्यांपैकी तयारीचा निराळा पैसा कोण मागतो? आक्षेप खोटा नाही. परंतु त्यात एक गोष्ट सुटली आहे. शेतकरी तयारी करितो ती आपल्या शेताची. पीक आले तर ते त्याच्याच घरी येते. शिक्षकाचा व उपदेशकाचा पगार महिन्याचा असतो. तो वर्गातल्या किंवा व्यासपीठावरील तासांचा नसून सगळ्या सेवेचा असतो. रोजकरी मनुष्याची गोष्ट निराळी. त्याच्याजवळ विकावयास वेळ व अंगमेहनत ह्यांवाचून दुसरा माल नाही. आपण वऱ्हाडातले लोक काटा मारणे म्हणजे काय हे चांगले जाणतो. शेतकऱ्याचा कापूस तोलताना कोणी मणामागे मूठभर जास्त ओढून घेतला तर सारा बाजार ओरडतो. मग ज्याचा माल वेळ आहे, त्याच्या मालातून रोज मूठभर ओढून घेणे व त्यास ‘तयारी’ असे नाव देणे, हे काटा मारणे नव्हे काय?

तथापि सगळी तयारी एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. विचार करिता आम्हांस तिचे तीन प्रकार दिसतात. उठणे, आंघोळ करणे, भाकरी बांधणे, हे मनुष्य आपल्या देहाकरिता करितो; काम कोणाचेही असो, किंवा नसो, ते त्याचे त्यालाच करावे लागते. त्याचा दाम धन्याकडे मागणे योग्य नाही. दुसरा प्रकार हुन्नर शिकण्याचा. सुताराचा मुलगा रंधा धरावयास शिकतो, मुलगी शिवण शिकते. ते शिक्षण त्यांच्या हातात राहते, व एक धनी सोडून दुसऱ्याकडे गेले तरी त्यांच्याबरोबर जाते. त्याचे मोल वाढलेल्या मजुरीच्या रूपाने पुढे मिळते. तिसरा प्रकार मात्र अगदी वेगळा. आवार झाडणे, ताडपत्री काढणे, यंत्र पुसणे, धन्याने सांगितलेला पोशाख चढविणे, हजेरीच्या रांगेत उभे राहणे. ह्यांतले काहीही मजूर आपल्या घरी आपल्याकरिता करणार नाही. ते केल्यावाचून धन्याचे काम सुरू होत नाही, आणि न केल्यास रोज कापला जातो. तेव्हा कसोटी सोपी आहे: कोणाच्या हुकुमाने, कोणाच्या कामाकरिता, आणि नाही म्हणण्याची मोकळीक आहे की नाही? तिन्ही उत्तरे धन्याकडे बोट दाखवीत असतील, तर ती तयारी नव्हे. ते कामच आहे.

मधल्या काही गोष्टींचा निवाडा कठीण आहे, हे आम्ही कबूल करितो. खेड्याहून दोन कोस चालत येणारा मजूर त्या चालण्याचा रोज मागू शकेल काय? आम्हांस तसे वाटत नाही; कारण राहण्याचे ठिकाण त्याचे त्याने निवडिले आहे, निदान धन्याने निवडिलेले नाही. परंतु फाटकाच्या आत आल्यावर तो धन्याच्या शब्दाखाली येतो. तेथून पुढे त्याचा वेळ त्याचा राहत नाही. सीमा कोठे तरी ओढावयाचीच, तर ती फाटकापाशी ओढणे आम्हांस न्यायाचे दिसते.

आता ह्या प्रश्नाचा मागील इतिहास पाहू. कारण हे दुखणे आजचे नाही. मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या तेव्हा घड्याळ गिरणीमालकाचे होते, आणि मजुराचे घड्याळ म्हणजे सूर्य. भोंगा वाजेल तेव्हा दिवस उजाडला असे समजावयाचे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळापुढे ठेविला. त्यातील मागण्या आज वाचिल्या तर मन द्रवते. रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, आणि काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. ह्या शेवटच्या मागणीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. दिवस केवढा असावा ह्याहीपूर्वी त्या लोकांस एक गोष्ट हवी होती: तो कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे ठरलेले असावे. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ती सुटी आपण आज उपासनेकरिता उपभोगितो. ती कोणी मागून मिळविली हे आपण विसरू नये.

गिरण्यांची ही कथा, तर जिनांची त्याहून वाईट. त्याच चौकशीत खानदेशातील जिनांविषयी अशी साक्ष झाली की, हंगामात तेथील माणसे पहाटे पाचापासून रात्री दहापर्यंत काम करितात. तरी १८८१ चा पहिला कारखान्यांचा कायदा वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या कारखान्यांस लागूच नव्हता. हंगामी कारखाने १९११ च्या कायद्याने त्याच्या कक्षेत आले. १९३४ साली बारमाही कारखान्यांस आठवड्याचे ५४ तास ठरले, तर हंगामी कारखान्यांस ६०. हा भेद १९४८ च्या कायद्याने मोडला, व सगळ्यांस आठवड्याचे ४८ तास आणि दिवसाचे ९ तास अशी मर्यादा घातली; त्याहून जास्त कामास दुप्पट दराने मजुरी द्यावी असे ठरले. २०२० साली संसदेने कामगारांच्या अनेक जुन्या कायद्यांच्या जागी नव्या संहिता मंजूर केल्या; त्यांत दिवसाचे काम आठ तासांहून अधिक नसावे असे सांगितले आहे. अशा प्रकारे शंभर वर्षांहून अधिक काळ दिवसाची लांबी हळूहळू कमी होत आली. परंतु धोतर मधून फाडता येईना म्हणजे उंदीर त्याचे काठ कुरतडतात. तसेच येथे झाले. मधले तास कायद्याने राखिले, तेव्हा लोभ कडेच्या अर्ध्या तासाकडे वळला.

दुसरे उदाहरण आमच्या विदर्भातीलच आहे. गोंदिया व भंडारा ह्या भागांत विड्या वळण्याचा धंदा फार जुना. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. परंतु विडी वळण्यापूर्वी टेंभुर्णीची पाने भिजवावी लागतात, आणि भिजलेली पाने साच्याप्रमाणे कातरावी लागतात. मजूर पाने रात्री घरी नेत, दिव्यापाशी बसून बायकामुलांसह ती कातरीत, आणि सकाळी कातरलेली पाने घेऊन कारखान्यात वळावयास बसत. वहीत मोजली जात ती विडी. रात्रीची कातर कोणाच्या वहीत नव्हती, आणि लेकराची मोडलेली झोपही नव्हती. विडीकामगारांकरिता १९६६ साली निराळा कायदा झाला, तेव्हा त्यात पाने भिजविणे व कातरणे ह्या कामाचा नावानिशी उल्लेख करावा लागला. ते काम कारखान्याबाहेर करू द्यावयाचे तर मालकाने सरकारची परवानगी घ्यावी व त्याची नोंद ठेवावी, असे त्यात लिहिले होते. ज्यास मालक तयारी म्हणत होता, त्यास कायद्याने काम म्हटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

समुद्रापलीकडेही हाच वाद झाला आहे. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात माउंट क्लेमेन्स गावी मातीच्या भांड्यांचा एक कारखाना होता. तेथील मजूर घड्याळावर हजेरी लावून आपल्या जागेपर्यंत चालत जात, अंगावर वस्त्र चढवीत, हत्यारांस धार लावीत, यंत्रे व दिवे सुरू करीत. आणि त्यानंतर वेळ मोजली जाई. १९४६ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हाही कामाचाच वेळ आहे. मात्र अगदी क्षुल्लक असा काही क्षणांचा वेळ सोडून द्यावा. त्यावर इतके दावे उभे राहिले की, दुसऱ्याच वर्षी तेथील विधिमंडळाने कायदा करून तशा पुष्कळ वेळाचा हक्क काढून घेतला. पुढे १९५६ साली शिसे व तेजाब वापरणाऱ्या एका कारखान्यातील मजुरांचे कपडे बदलणे व आंघोळ करणे कामातच धरावे, असा निवाडा झाला. कारण त्या विषापासून बचाव हा त्या कामाचाच भाग होता. उलट २०१४ साली, कोठारातून बाहेर पडताना झडतीच्या रांगेत उभे राहण्याचा वेळ मजुरीस पात्र नाही, असे त्याच न्यायालयाने ठरविले. आमच्या बहिणीच्या तोंडावरील फडके त्या शिशाच्या कारखान्यातील मजुरांच्या आंघोळीचेच भावंड आहे. परंतु ह्या निवाड्यांवरून आम्ही मुख्य बोध निराळा घेतो. कायदा आज एकीकडे झुकतो, उद्या दुसरीकडे. म्हणून कायद्यात लिहिलेले नाही एवढ्यावरून ते न्यायाचे नाही, असे समजून कोणी स्वस्थ बसू नये.

“अर्ध्या तासाने काय होते?” असे विचारणारे भेटतील. त्यांनी हिशेब करून पाहावा. रोज अर्धा तास, महिन्याचे कामाचे दिवस २६. म्हणजे महिन्याला १३ तास. हंगाम पाच महिन्यांचा धरिला तर ६५ तास. आठ तासांचा दिवस मानिला तर हे आठ दिवसांहून अधिक काम झाले. कोणा धन्याने हंगामाच्या शेवटी सांगितले की, आता आठ दिवस फुकट येऊन राबा, तर गावभर बोभाटा होईल. तेच आठ दिवस थेंबथेंब घेतले म्हणजे कोणी चकार शब्द काढीत नाही. आणि त्या अर्ध्या तासाचे मोल केवळ पैशांत नाही. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवण्यास त्या आईला तेवढाच अर्धा तास हवा होता.

आता आमच्या उपदेशकबंधूंच्या सल्ल्याविषयी. त्यांचा हेतू निर्मळ होता. त्या बहिणीची रोजी जाऊ नये हीच त्यांची काळजी होती. परंतु प्रेषिताने चाकरांस जे सांगितले त्याच्या लगोलग धन्यांसही सांगितले आहे की, त्यांनी चाकरांशी न्यायाने व समतेने वागावे, कारण त्यांचाही धनी स्वर्गात आहे. पत्राचे अर्धे पान वाचून दाखविणे म्हणजे पत्र पोचविणे नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेविलेली मजुरीच ओरडते असे म्हटले आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी तर बाजारात रिकामे उभे असलेल्यांस आळशी म्हणत नाही. का उभे आहा असे विचारितो, आणि आम्हांस कोणी कामावर लाविले नाही हे त्यांचे उत्तर खरे मानितो. त्यांचा वाट पाहण्याचा वेळही त्याच्या दृष्टीस पडला. तेव्हा सहनशीलता हा सद्गुण आहे खरा. पण तो ज्याचा त्याने स्वीकारावयाचा असतो. दुसऱ्याच्या पदरातून काढून घेऊन वर त्यासच सहनशीलता शिकविणे, हा बोध नव्हे.

येथपर्यंत लिहून आम्ही थांबलो, कारण बोट दुसऱ्याकडे दाखविताना आपल्या घराकडे पाहण्याची पाळी आली. आपल्या मंडळ्यांतील किती तरी कुटुंबे आता दोन-चार एकर बाळगून आहेत व निंदणास बाया लावितात. बाई शेतात येऊन धुऱ्यावर बसते, घरधनी येईपर्यंत वाट पाहते. मग तो येतो, आणि तेथून तिचा दिवस मोजितो. सालदार पहाटे उठून कोठा झाडतो, कडबा तोडतो, बैलांस पाणी दाखवितो. त्या कामास आपण कामही म्हणत नाही. आणि आमचेच सांगावयाचे तर, आमच्या उपासना-मंदिरात झाडलोटीस महिन्याच्या ठरावाने एक बाई आहे. ठराव दोन तासांचा. परंतु उपासनेपूर्वी सतरंज्या अंथरणे, माठ भरणे, बाके पुसणे ह्याकरिता ती तासभर आधी येते, हे आम्ही अनेक वर्षे पाहत होतो आणि “देवाचे काम आहे” असे म्हणून मनाचे समाधान करीत होतो. देवास दिलेले दान खुशीचे असते. ज्यास नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेले ते दान नव्हे. आणि देवाचे नाव पुढे केल्याने ते दान होत नाही. जिनाच्या मुकादमात व आमच्यात फरक काय राहिला?

म्हणून काही गोष्टी आम्ही सुचवितो. ज्यांच्या हाताखाली एकही मनुष्य राबतो, त्यांनी काम कोणत्या घटकेस सुरू होते हे आधी सांगावे, व त्या घटकेपूर्वी काही करून घ्यावयाचे असेल तर ते मोजावे. मोजणे परवडत नसेल तर सांगू नये. मजुरी करणाऱ्यांनी आपला येण्याजाण्याचा वेळ रोज लिहून ठेवावा. लिहिता येत नसेल त्यांच्याकरिता उपदेशकांनी ते लिहावे. तक्रार एकट्याने न करिता चौघांनी मिळून, शांतपणे, आधी मुकादमाकडे करावी. तेथे ऐकले नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार कार्यालय आहे, तेथे जाण्यात लाज नाही. आणि ज्याने आपला अर्धा तास मागितला, त्याने धन्याचा अर्धा तासही चोरू नये. यंत्र सुरू झाल्यावर गप्पांत वेळ घालविणाऱ्याचा काटाही मारलेलाच असतो.

त्या बहिणीस आम्ही सांगितले, “बाई, तो अर्धा तास तुमचा होता. आठास पोचण्यात तुमचे पाप झाले नाही.” हे ऐकून ती रडली, इतके दिवस तिला रोज कापल्याच्या दुःखापेक्षा आपण देवाचा अपराध केला ह्याचेच ओझे अधिक होते, हे आम्हांस तेव्हा कळले. आमचे उपदेशकबंधूही तेथे होते. ते पुढच्या सोमवारी आपण होऊन तिच्याबरोबर व आणखी चार बायांबरोबर मुकादमाकडे गेले. मुकादमाने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही; मालकास विचारून सांगतो म्हणाला. काय होते ते पाहावयाचे आहे. आमच्या मंदिराच्या पंचांनी मात्र कोणास विचारावयाचे नव्हते. झाडलोटीच्या बाईचा तो तासभर ह्या महिन्यापासून ठरावात धरिला आहे, आणि मागील बाकी हप्त्यांनी द्यावयाचे ठरले आहे. वाचकहो, आपापल्या घरी व आपापल्या मंडळीत अशी बाकी कोणाची राहिली आहे काय, ते सूर्य मावळण्यापूर्वी पाहावे, एवढीच विनंती आहे.